हवेचा काटा : इंजेक्शनच्या मोटारीत मिश्रण कसे ठरते



आपल्या कार्यक्षेत्रात आता चारचाकी नसलेले गाव सापडणे कठीण. उसाचे बिल जमा झाले की कोणी नवी गाडी बुक करतो, कोणी शहरातली वापरलेली घेऊन येतो. सभासदांची कित्येक मुले गॅरेज लाइनला लागली आहेत. मात्र गाडीचे ॲव्हरेज पडले, पिकअप गेला किंवा सायलेन्सरमधून काळा भपकारा यायला लागला की दोन ठरावीक वाक्ये कानी येतात. एक म्हणजे, "एअरफ्लो मीटर सेट करून देतो, काम झालंच समजा." दुसरे, "त्या इथेनॉलनं वाट लावली." पहिल्या वाक्यात खिशातला पैसा जातो, आणि दुसऱ्यात तर आपल्याच मालाची बदनामी होते. सबब या दोन्ही वाक्यांत खरे किती आणि हवेतले किती, ते आज नीट समजून घेऊ.

प्रथम मुळातला हिशेब. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा डोळ्याला दिसत नाही म्हणून तिचे वजन आपल्या ध्यानात येत नाही. पण लिटरमध्ये सांगायचे तर एक लिटर पेट्रोलमागे इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा ओढते. म्हणजे पाण्याचा एक मध्यम टँकर भरेल एवढी! या प्रमाणापेक्षा पेट्रोल जास्त झाले तर मेस्त्री त्याला 'रिच' म्हणतात आणि हवा जास्त झाली तर 'लीन'. रिच झाले की प्लग काळे पडतात, धूर येतो, गाडी पेट्रोल पिते आणि न जळालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते. लीन झाले की गाडी अडखळते, पिकअप देत नाही, आणि चढाला भार असताना फार लीन चालली तर पिस्टन-व्हॉल्व्ह भाजण्यापर्यंत मजल जाते. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा मिश्रण जाणूनबुजून थोडे रिच ठेवतात, साधारण साडेबारा-तेरास एक. आपल्या कारखान्याच्या बॉयलरवर ज्यांनी काम केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. बगॅस तेवढाच, पण हवा कमी पडली की चिमणी काळी ओकते आणि हवा फार झाली की उष्णता चिमणीवाटे निघून जाते.

जुन्या कार्ब्युरेटरमध्ये हे प्रमाण कोणी मोजत नसे. हवा अरुंद गळ्यातून जोरात जाई, तिथे ओढ तयार होई आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल आपोआप खेचले जाई. हवा आपले पेट्रोल आपणच ओढून नेत होती म्हणा ना. इंजेक्शनमध्ये तसे नाही. तिथे पेट्रोल पंपाने अडीच-तीन बार दाबाखाली इंजेक्टरच्या तोंडाशी आणून ठेवलेले असते. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा बारीक नळ. तो किती वेळ उघडा ठेवायचा एवढाच प्रश्न, आणि तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचा. हे ठरवतो गाडीतला छोटा संगणक. पण आत हवा किती आली हे त्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय तो ठरवणार कशावर?

इथे आपला वजनकाटा आठवा. उसाची गाडी काट्यावर येते, वजन होते, स्लिप निघते आणि त्या स्लिपवरून अकौंट खाते बिल काढते. काटा स्वतः पैसे देत नाही. अकौंट खाते फडात येऊन ऊस बघत नाही, त्याला स्लिपवरचा आकडा तेवढा दिसतो. मोटारीत एअरफ्लो मीटर हा हवेचा काटा आहे, संगणक हे अकौंट खाते आणि इंजेक्टरमधून पडते ते बिल. मीटर पेट्रोल देत नाही, पेट्रोल अडवत नाही, ते केवळ हवेचा आकडा सांगते. म्हणून मीटरची 'सेटिंग' बदलणे म्हणजे इंजिनाची दुरुस्ती नव्हे. काटा बदलणे एवढाच त्याचा अर्थ. काट्याशी खेळ झाला तर काय होते, हे ऊसउत्पादकाला मी सांगायला नको.

काट्याच्या आतले यंत्र

ही रचना जर्मनीच्या बॉश कंपनीने रूढ केली. त्यांची १९६७ सालची पहिली इलेक्ट्रॉनिक पद्धत फोक्सवॅगन १६०० मोटारीत आली. ती हवा थेट मोजत नसे, इन्टेक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून अंदाज बांधी. त्यानंतर १९७३-७४ च्या सुमारास 'एल-जेट्रॉनिक' आली. यातला 'एल' म्हणजे जर्मन भाषेतील 'लुफ्ट', अर्थात हवा. बीएमडब्ल्यू, ओपेल, पोर्श अशा युरोपी मोटारींत आणि जपानच्या डॅटसन २८०झेड सारख्या गाड्यांत ती बसली. आपल्याकडे अशा मोटारी विरळाच. त्या काळी आपल्या रस्त्यांवर ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी धावत होत्या आणि दोन्ही कार्ब्युरेटरवाल्या. तरीही शिकायचे ते याच मीटरवर शिकावे असे माझे मत आहे, कारण त्यातले सगळे डोळ्याला दिसते आणि बोटाने हलवून बघता येते. आजच्या सेन्सरमध्ये बघण्यासारखे काही उरलेले नाही.

एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची एक चौकोनी पेटी असते. तिच्यात दाराच्या फळीसारखी एक झडप बिजागरीवर बसवलेली असते. हवा आत शिरताना झडप ढकलते आणि झडपेमागची गोल गुंडाळीची स्प्रिंग तिला परत बंद करू पाहते. जेवढी हवा जास्त तेवढी झडप जास्त उघडी. झडपेच्या दांड्याला वर एक बारीक हात जोडलेला असतो आणि तो कार्बनच्या पट्टीवर घासत फिरतो. रेडिओचा आवाज कमीजास्त करायचे बटण असते ना, त्याच जातीचे काम. हात जिथे उभा असेल त्यावरून संगणकाला व्होल्टेज जाते आणि त्यावरून हवा कळते. हवेचे तापमान सांगणारा एक छोटा सेन्सरही तोंडाशी असतो, कारण झडप हवेचे आकारमान मोजते आणि उन्हाळ्यातली तापलेली हवा तेवढ्याच आकारमानात वजनाने हलकी भरते. इंजिनाच्या धक्क्यांनी झडप फडफडू नये म्हणून तिला काटकोनात दुसरी एक झडप जोडलेली असते. ती बंद खोलीत हवा दाबून मुख्य झडपेला स्थिर ठेवते.

या पेटीत माणसाच्या हाताला लागणाऱ्या जागा दोनच. दोन्हींचे काम वेगळे आहे, आणि निम्मे घोटाळे ह्या दोहोंतला फरक न कळल्याने होतात.

पहिली जागा बायपासचा स्क्रू. झडपेला वळसा घालून थोडी हवा जायला एक बारीक वाट ठेवलेली असते आणि हा स्क्रू ती वाट लहानमोठी करतो. स्क्रू आत पिळला की वाट आवळते, ती हवा आता झडपेतून जाते, झडप थोडी जास्त उघडते. संगणकाला वाटते हवा वाढली, तो पेट्रोल वाढवतो आणि मिश्रण रिच होते. स्क्रू बाहेर काढला की याच्या उलट. इंजिनात जाणारी एकूण हवा जवळजवळ तेवढीच असते हे लक्षात घ्या. त्यातली काट्यावरून किती गेली आणि काट्याला वळसा घालून किती गेली, एवढेच बदलते.

आणि हा स्क्रू मुख्यतः आयडलिंगलाच, म्हणजे मेस्त्री ज्याला 'स्लो' म्हणतात तिथेच काम करतो. समजा स्लोवर इंजिन दहा भाग हवा घेते आणि त्यातला एक भाग बायपासने जातो. हा झाला दहावा हिस्सा. तेच इंजिन रस्त्यावर दोनशे भाग हवा घेऊ लागले तरी बायपासमधून जाणारी हवा फारशी वाढत नाही. मग तिचा हिस्सा शेकड्यात एखादाही भरत नाही. तेव्हा हायवेवर ॲव्हरेज पडते म्हणून कोणी हा स्क्रू पिळत असेल तर तो भलत्याच बांधावर पाणी सोडतो आहे. हा स्क्रू लावताना सायलेन्सरमधल्या वायूतले कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र हवे. पीयूसीचा दाखला देणाऱ्याकडे असते तेच.

दुसरी जागा स्प्रिंग. पेटीवरचे काळे झाकण चिकटवून बंद केलेले असते. ते उघडले की एक दातेरी चाक दिसते. स्प्रिंगचा ताण या चाकावर ठरतो आणि एक पट्टी ते दातात अडकवून धरते. चाक फिरवून स्प्रिंग आवळली तर तेवढ्याच हवेला झडप कमी उघडते, संगणकाला हवा कमी दिसते, पेट्रोल कमी पडते, म्हणजे लीन. स्प्रिंग सैल सोडली तर रिच. आणि हा फरक स्लोपासून पूर्ण वेगापर्यंत सगळीकडे लागू पडतो.

आकड्यांत बघू. इंजिनाने खरोखर १०० ग्रॅम हवा घेतली. काटा बरोबर असेल तर पेट्रोल ६.८ ग्रॅम पडेल. स्प्रिंग आवळल्यामुळे मीटरने ९५ च सांगितले, तर संगणक ९५ ला पुरेल एवढे, म्हणजे ६.४६ ग्रॅम देईल. पण आत हवा तर १०० आहे. प्रमाण झाले साडेपंधरास एक. उलट सैल स्प्रिंगने १०५ सांगितले तर पेट्रोल ७.१४ ग्रॅम आणि प्रमाण चौदास एक. काट्यात पाच टक्के फरक केला की मिश्रणात पाच टक्के फरक पडला. यात जादू नाही.

म्हणून चाकाला हात लावण्यापूर्वी मूळ दातावर रंगाची खूण करणे, एका वेळी एकच दात सरकवणे आणि प्रत्येक वेळी मोजणे, हा जाणत्या मेस्त्र्याचा रिवाज आहे. खूण न करता फिरवलेले चाक मूळ जागी आणायला नंतर कारखान्यातली मोजपट्टी कुठून आणणार?

काट्याआधी बाकीचे बघा

आता खरी मेख. मीटर सहसा आपणहून बिघडत नाही. स्प्रिंग वर्षानुवर्षे टिकते. मिश्रण बिघडते ते बहुधा दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण न शोधता स्प्रिंग फिरवली की एका चुकीवर दुसरी चूक बसवली जाते.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मीटरच्या पुढची गळती. मीटरपासून थ्रॉटलपर्यंत रबराची घडीघडीची नळी जाते. ती उष्णतेने चिरते आणि चीर घडीच्या पोटात असल्याने वरून दिसत नाही. तिथून आत गेलेली हवा काट्यावर आलेलीच नसते. वजन न करता उसाची मोळी थेट गव्हाणीत टाकल्यासारखे ते झाले. गाळप तर झाले, पण नोंद कुठेच नाही. त्या हवेचे पेट्रोल मिळत नाही आणि गाडी लीन चालते, विशेषतः स्लोवर, कारण तिथे एकूण हवाच थोडी असते. एल-जेट्रॉनिकच्या पुष्कळ गाड्यांत इंजिन ऑइलचे झाकण किंवा डिपस्टिक नीट बसली नसली तरी हाच प्रकार होतो. यावरून एक सोपी परीक्षा निघते. अशा गाडीचे इंजिन स्लोवर चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडायचे. इंजिन एकदम डगमगले तर बाकीचे सील ठीक आहे असे समजावे. काहीच फरक पडला नाही तर हवा आधीच कुठूनतरी आत शिरते आहे.

दुसरे कारण, पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर. तो थंड असताना जास्त रोध दाखवतो आणि गरम झाल्यावर कमी. त्याच्या पिनेला गंज चढला की रोध वाढतो आणि संगणकाला इंजिन कायम थंड भासते. थंडीतल्या इंजिनाला द्यायचे जादा पेट्रोल तो भर दुपारी देत बसतो. गाडी रिच झाली म्हणून कोणी स्प्रिंग आवळतो, काही दिवस बरे वाटते. पुढे कोणीतरी ती पिन साफ करतो आणि त्या दिवसापासून गाडी लीन होऊन अडखळायला लागते! अशा वेळी दोष शेवटच्या हाताला लागतो, हे वेगळेच.

तिसरे म्हणजे कार्बनची पट्टी. हात जिथे सर्वांत जास्त वेळ उभा राहतो, म्हणजे स्लो आणि नेहमीचा वेग, तिथेच ती झिजते. गाडी एका ठरावीक वेगाला हिसका देते आणि पुढे मागे ठीक असते. हे स्प्रिंगने कधीही सुधारत नाही. जुन्या गाड्यांचे जाणकार पट्टी किंचित सरकवून हाताला कोरी वाट देतात.

आपल्या दारातल्या गाडीचे काय

झडपेचे मीटर आता इतिहासजमा झाले. १९८२ पासून व्होल्वोच्या मोटारींत बॉशचे तापलेल्या तारेचे मीटर आले. हवेच्या वाटेत प्लॅटिनमची केसासारखी तार वीज देऊन तापती ठेवतात. हवा तिला गार करते आणि तिचे तापमान टिकवायला जेवढी वीज लागेल त्यावरून हवा मोजतात. ती थेट वजनातच कळते. आजचे मीटर याच तत्त्वावर चालते, पण त्यात फिरवायला ना स्क्रू ना स्प्रिंग. म्हणून "सेट करतो" म्हणणाऱ्याला "कुठला स्क्रू, दाखव" एवढे विचारायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल मोटारींत आणि २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या मोटारसायकलींत एअरफ्लो मीटर नसतेच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनाचे फेरे आणि हवेचे तापमान यांवरून हवेचा हिशेब करतात, १९६७ च्या त्या जुन्या पद्धतीप्रमाणे. अशा गाडीत गळती झाली तर दाब वाढलेला दिसतो, संगणक पेट्रोलही वाढवतो आणि गाडी लीन होण्याऐवजी स्लोवर जोरात फिरायला लागते. रोग एकच, लक्षण मात्र वेगळे.

डिझेल गाड्यांत मीटर असले तरी त्याचे काम निराळे. डिझेलमध्ये हवा आणि इंधन यांचे ठरावीक प्रमाण राखत नाहीत. तिथे मीटर मुख्यतः सायलेन्सरमधला वायू किती परत फिरवायचा आणि धूर न येता डिझेल किती देता येईल हे ठरवायला लागते. ते हवा कमी सांगू लागले की संगणक डिझेल आखडतो आणि गाडी चढाला दम टाकते. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर फुफाटा किती असतो ते सगळे जाणतात. एअर फिल्टर फाटका असला किंवा नीट बसला नसला तर ती धूळ तापलेल्या भागावर चिकटते, त्याला जणू घोंगडी पांघरते, आणि मीटर भरपूर हवेलाही कमी म्हणते. फिल्टरला तेल चोपडायची काहींना हौस असते, ते तेलही तिथेच जाऊन बसते. सफाई करायची तर त्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने. फडके, ब्रश किंवा हवेचा पाइप तिथे लावू नये, तो भाग कोळ्याच्या जाळ्याइतका नाजूक असतो.

आता इथेनॉल. मिरज आणि मनमाड येथे २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक काम झाले. देशाची सरासरी २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचली. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे एक किलो इथेनॉलला सुमारे नऊ किलोच हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाचे योग्य प्रमाण साडेतेरास एकच्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन सुमारे आठ टक्के जास्त द्यावे लागते.

पण हवेच्या काट्याला हे कळणार कसे? आपला काटा उसाचे वजन सांगतो, उतारा सांगत नाही. उतारा प्रयोगशाळेत कळतो. मोटारीची प्रयोगशाळा म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. १९७६ मध्ये तो व्होल्वोच्या मोटारींत प्रथम आला. जळाल्यानंतर ऑक्सिजन उरला तर मिश्रण लीन होते, उरला नाही तर रिच. हे तो क्षणोक्षणी कळवतो आणि संगणक त्याप्रमाणे पेट्रोल वाढवतो-घटवतो. जिथे हा सेन्सर आहे तिथे इथेनॉलचे आठ टक्के संगणक आपणहून भरून काढतो. आणि तिथेच, एखाद्या शौकिनाने जुन्या मीटरची स्प्रिंग फिरवली तरी स्लोला आणि साध्या चालीला संगणक ती खोड परत पुसून टाकतो. फरक उरतो तो थंड इंजिनाला आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर, कारण त्या वेळी सेन्सरचे ऐकले जात नाही. ज्या जुन्या गाडीत सेन्सरच नाही, तिला मात्र वीस टक्क्यांचे मिश्रण लीन पडते. स्प्रिंग थोडी सैल करण्याला कुठे खरे कारण असेल तर ते इथे आहे. रबराच्या नळ्या आणि सील इथेनॉलला टिकतात का, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

माल आपला आहे म्हणून एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते. वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये त्यामुळे सहा-सात टक्के उष्णता कमीच भरते. ॲव्हरेजमध्ये तेवढ्याच्या आसपास घट दिसली तर ती इंधनाची आहे आणि कोणतेही मीटर फिरवून ती परत येणार नाही. पण घट वीस-पंचवीस टक्के असेल तर इथेनॉलला शिव्या देणे थांबवून फिल्टर, रबरी नळी आणि सेन्सर बघायला घ्यावे.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की त्यावर 'फ्युएल ट्रिम' नावाचा आकडा येतो. संगणकाने आपल्या मूळ हिशेबात पेट्रोल शेकडा किती वाढवले किंवा घटवले, ते तो दाखवतो. अधिक पाच-आठ असेल तर चिंता नको. अधिक वीस-पंचवीस असेल तर कुठेतरी हवा चोरून आत येते आहे, मीटर कमी सांगते आहे किंवा पेट्रोलचा दाब पडला आहे. मीटर असलेल्या गाडीत हा आकडा स्लोवर मोठा आणि वेग वाढवल्यावर लहान होत गेला तर गळती धरावी. स्लोवर ठीक आणि वेगाला वाढत गेला तर मीटर किंवा पंप. मेस्त्र्याने कामाचा खर्च सांगण्यापूर्वी हा आकडा स्लोवर आणि अडीच हजार फेऱ्यांवर असा दोनदा दाखवायला सांगावे, आणि काम झाल्यावर पुन्हा दोनदा.